मदत हवी आहे: ऑक्झिन मुळात खाली उतरतं, मग त्याच मुळात वर कसं चढतं?

रानजाई

नमस्कार. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात एका मुलीने विचारलेल्या प्रश्नावर अडले आहे आणि सोमवारी तिला नीट उत्तर द्यायचं आहे. तिला अर्धवट काही सांगावंसं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन काचांमध्ये ओला टिपकागद घालून त्यात हरभरे रुजत ठेवले होते. मुळं पेरभर खाली आल्यावर काच पाव वळण फिरवली, म्हणजे मुळं आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मुळं टोकाजवळ कोपरासारखी वळून पुन्हा खाली निघालेली. दोन मुळांची टोपी (टोकावरचं संरक्षक आवरण) मात्र मी आदल्या दिवशी ब्लेडने अलगद उडवली होती, जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती दोन आडवीच वाढत राहिली. वाढ थांबली नव्हती. काचेवर केलेल्या खुणेच्या पुढे टोक चांगलं सरकलं होतं.

मी नेहमीसारखं समजावलं. ऑक्झिन हे झाडाच्या वाढीचं संप्रेरक शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं, मुळाच्या टोकापर्यंत येतं, आडव्या मुळात खालच्या अंगाला जास्त साठतं. खोडाला जेवढं ऑक्झिन मानवतं तेवढं मुळाला जास्त होतं, म्हणून खालच्या अंगाच्या पेशींचं लांबणं मंदावतं. वरचं अंग लांबत राहतं आणि मूळ खाली वळतं.

त्यावर ती म्हणाली, "मॅडम, ऑक्झिन खाली येतं ते गुरुत्वाकर्षणाने का? मग कुंडी उलटी टांगली तर ते पानांतच राहील?" मी अगारच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) ठोकळ्यांचा जुना प्रयोग सांगितला: खोडाचा तुकडा उलटा धरला तरी ऑक्झिन शेंड्याच्या बाजूकडून बुडाच्या बाजूकडेच जातं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मग आडव्या मुळात ते खालच्या अंगाला कसं गेलं? तिथे गुरुत्वाकर्षण चालतं आणि इथे नाही?"

मी त्यापुढे काही बोलू शकले नाही. घरी आल्यावर आणखी एक गोष्ट खटकली. मूळ वळतं ते अगदी टोकाला नाही, टोकापासून थोडं मागे. टोपीला जाणवलं आणि वळण मागे पडलं, म्हणजे ऑक्झिन टोकाकडून उलट वर गेलं असणार. मग एकाच मुळात ते खालीही जातं आणि वरही? कुणी उलगडून सांगेल का?

हिरवा कोपरा

ताई, त्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. गुरुत्वाकर्षण ऑक्झिनला ओढतच नाही. ते टोपीतल्या पेशींमधल्या पिष्टकणांना (स्टार्चच्या कणांना) ओढतं, आणि त्या कणांमुळे ऑक्झिनची दारं जागा बदलतात.

आधी दारं का लागतात ते बघू. ऑक्झिन, म्हणजे इंडोल-3-ॲसेटिक आम्ल, हे दुबळं आम्ल आहे. त्याचा पीकेए 4.75, म्हणजे त्या सामूला (पीएचला) त्याचे निम्मे रेणू प्रभाररहित असतात. पेशीभित्तिकेतल्या पाण्याचा सामू साधारण 5.5 असतो. तिथे शंभरातल्या पंधराएक रेणूंवर प्रभार नसतो आणि ते पेशीपटलातून आपसूक आत शिरतात. आत सामू 7 च्या आसपास. तिथे शंभरात एकही रेणू प्रभाररहित उरत नाही. ऋणप्रभार आला की पटल ओलांडता येत नाही, रेणू आत अडकतो. (हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्याच, सामूचा धडा पक्का होतो.) बाहेर पडायला प्रथिनाचं दार हवं, आणि ते दार पेशीच्या एकाच अंगाला असेल तर प्रवासाला दिशा मिळाली. कुंडी उलटी केल्याने दारं लगेच उलटी होत नाहीत.

रुबेरी आणि शेल्ड्रेक यांनी 1974 मध्ये आणि रेव्हन यांनी 1975 मध्ये हा तर्क मांडला, तेव्हा दार कुणी पाहिलंही नव्हतं. 1998 मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या खोडात ते पेशींच्या बुडाशी बसलेलं दिसलं. त्या प्रथिनाचं नाव पिन-1. ते बिघडलं की फुलोऱ्याचा दांडा फुलांविना, सुईसारखा नुसता उभा राहतो, त्यावरून हे नाव पडलं. आत शिरायलाही ऑक्स-1 नावाचं एक मदतनीस प्रथिन आहे.

आता मूळ. मधल्या रंभात (मुळाच्या गाभ्यात) पिन-1 पेशींच्या टोकाकडच्या अंगाला असतं, म्हणून तिथे प्रवाह टोकाकडे. टोपीत पिन-3 आणि पिन-7 ही पिन-1 ची भावंडं ते ऑक्झिन सगळीकडे वाटतात. बाहेरच्या त्वचेत पिन-2 असतं, ते पेशीच्या खोडाकडच्या अंगाला, म्हणून तिथे प्रवाह उलटा. कारंजं आठवा: मधून एका दिशेने, टोकाशी फुटून कडेकडेने माघारी. मूळ एकच, पेशींच्या रांगा वेगळ्या.

मूळ आडवं केलं की टोपीतले पिष्टकण नव्या खालच्या अंगावर जाऊन बसतात. काही मिनिटांत पिन-3 त्या अंगाला गोळा होतं, तिकडे जास्त ऑक्झिन सोडतं, आणि पिन-2 ते खालच्या कडेने मागे, पेशी लांबतात त्या पट्ट्यापर्यंत नेतं. वळण तिथेच पडतं. तुम्ही टोपी उडवलीत, पिष्टकण गेले, वाटणीच झाली नाही.

कलमवाला

आमच्या रोपवाटिकेतला अनुभव सांगतो. द्राक्षाच्या काड्या लावताना बुडाचा काप तिरका आणि वरचा सरळ घेतो, म्हणजे दिशा चुकत नाही. एका वर्षी नव्या मुलाकडून काही काड्या उलट्या लागल्या. बऱ्याच वाळल्या. दोन-तीन उपटून पाहिल्या तर मातीतल्या टोकाला मूळ नाही, आणि हवेत राहिलेल्या खऱ्या बुडाशी पांढरे फोड आलेले. ऑक्झिन जुन्या बुडाशीच जाऊन साठलं. मुलीला हे सांगा, तिच्या उलट्या कुंडीचं उत्तर आहे.

रानजाई

दोघांचे मनापासून आभार. काड्यांची गोष्ट तर वर्गात नक्की सांगणार. एक राहिलं: कडेने वर चढणारं ऑक्झिन वाटेत गळत नाही का? शेजारीच तर रंभातला उलटा प्रवाह आहे.

आणि आज तिसऱ्या दिवशी टोपी कापलेल्या दोनपैकी एक मूळ किंचित खाली वळू लागलंय. माझं कापणं चुकलं असेल का?

हिरवा कोपरा

थोडं आत वळतं, आणि ते तोट्याचं नाही. रंभात शिरून ते पुन्हा टोकाकडे येतं, त्यामुळे टोकाशी साठा टिकतो. बाकीचं ऑक्स-1 त्वचेच्या पेशींत परत ओढून घेतं. ऑक्स-1 बिघडलेल्या रोपांची मुळं भलतीकडे वाढतात. त्यांना नॅप्थलीन ॲसेटिक आम्ल हे कृत्रिम ऑक्झिन दिलं की ती पुन्हा खाली वळू लागतात, कारण ते ऑक्झिन ऑक्स-1 च्या मदतीवाचून आत शिरतं. टू-फोर-डी या दुसऱ्या कृत्रिम ऑक्झिनला आत शिरायला ऑक्स-1 लागतं, म्हणून त्याने हा दोष सुधारत नाही.

तुमचं कापणं चुकलेलं नाही. मक्याच्या मुळाची टोपी काढली तर एक-दोन दिवसांत टोकाच्या पेशींत नवे पिष्टकण तयार होतात आणि मूळ पुन्हा वळू लागतं. हरभऱ्यातही तेच झालेलं दिसतंय. खात्री करायची तर सोमवारी मुलांसमोर तीन टोकं घ्या: एक न कापलेलं, एक वळू लागलेलं आणि एक आत्ता टोपी काढलेलं. पातळ छेद घेऊन आयोडीनचा थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. न कापलेल्या टोकात टोपीच्या पेशींच्या तळाशी निळेकाळे कण गोळा झालेले दिसतील. वळू लागलेल्यात काय दिसतं ते इथे कळवा, फोटो काढता आला तर तोही टाका.