ओबामांच्या कैरोतील भाषणाकडून काय अपेक्षा ठेवावी?

प्रश्न : ४ जून २००९ रोजी कैरो विद्यापीठात बराक ओबामा यांनी परस्परहित आणि परस्पर आदर यांवर आधारलेल्या नव्या संबंधांची हाक दिली. इराक युद्धामुळे दुरावलेल्या मुस्लिम जगाचा विश्वास त्यामुळे परत मिळेल, असे आपणांस वाटते का?

प्रतिसाद १ : मला मनापासून आशा वाटते. १९५३ मध्ये इराणचे लोकनियुक्त सरकार उलथवण्यात अमेरिकेचा हात होता, हे त्यांनी त्याच व्यासपीठावरून मान्य केले. इतक्या स्पष्ट कबुलीशिवाय तेहरानशी बोलणी सुरू होणे कठीणच होते.

प्रतिसाद २ : शब्दांचे स्वागतच आहे, परंतु दहशतवादाच्या संशयितांना डांबलेला ग्वांतानामोचा अमेरिकी तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा २२ जानेवारीचा आदेश अमलात आला आणि पॅलेस्टिनी वेस्ट बँकेतील इस्रायली वसाहतींची वाढ खरोखर थांबली, तरच सामान्य माणूस विश्वास ठेवील.

प्रतिसाद ३ : सहमत. वसाहतींचा प्रश्न मला सर्वांत निर्णायक वाटतो.