शीत, म्हणजे आपला भात, सोडून कसं जगायचं? (कंडक्टर, फोंडा-पणजी लाईन, साखर २६८)

मागचं दार, फोंडा | १२ जून

नमस्कार. मला तिकिटं फाडायची सवय आहे, लिहायची नाही. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४९. खाजगी बसवर कंडक्टर, एकवीस वर्षं झाली. एप्रिलमध्ये पायाची एक साधी खरचट तीन आठवडे सुकेना म्हणून रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर १७२, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९, म्हणजे मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी जोडगोळी सकाळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन. सोबत आहाराचा एक छापील कागद मिळाला. त्यात ओट्स, ब्रोकोली, ब्राऊन राईस, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. बायकोने तो फ्रीजवर लावला आणि विचारलं, "ब्रोकोली म्हळ्यार कितें?" मी म्हटलं, हिरवा फ्लॉवर. ती म्हणाली, मग फ्लॉवरच आणते.

माझा दिवस असा. पहिली फेरी सहा दहाला. घरून चहा पिऊन निघतो. पणजी स्टँडवर पातळ भाजी आणि दोन पाव, कधी वर एक मिरची भजी. दिवसभरात चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. अडीचला घरी जेवण म्हणजे उकड्या तांदळाचं शीत, हुमण (माशाची आमटी), तळलेला बांगडा. शीत किती ते मोजलं नव्हतं कधी. ताटात माशाला जागा उरेल इतकं. मग चारपर्यंत झोप. रात्री साडेनऊला पुन्हा तेच.

दवाखान्यात सांगितलं, "भात बंद." बारा दिवस चपाती खाल्ली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने पहिल्या दिवशी माझं ताट बघून विचारलं, ताप आलाय का? तेराव्या रात्री साडेअकराला मी काळोखात टोपापाशी उभा राहून थंड शीत खात होतो. बायकोने दिवा लावला. काही बोलली नाही, फक्त तोराच्या (कोवळ्या कैरीच्या) लोणच्याची बरणी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी लाजेने गोळी घेतली आणि नाश्ता टाळला. भोम सोडून बाणस्तारीच्या पुलावर आलो तेव्हा एका बाईने शंभरची नोट दिली. सुटे किती परत द्यायचे ते मला कळेना. एकवीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला! हात थरथरत होते, शर्ट घामाने भिजलेला. तिनेच मला खाली बसवलं आणि पिशवीतलं ग्लुकोज बिस्किटांचं पाकीट फोडून दिलं. सबंध पाकीट खाल्लं. जुन्या गोव्याला उतरून ओळखीच्या औषधवाल्याकडे मोजलं तर ६४. बिस्किटं खाण्याआधी किती असेल देव जाणे. त्याच दुपारी भूक भूक करून जेवलो आणि दोन तासांनी २६८.

आता मला विचारायचं आहे ते एवढंच. शीत न सोडता ही साखर आवरता येते का? येत असेल तर किती शीत, कोणतं? आणि सध्या ट्रॉलर बंद आहेत, ३१ जुलैपर्यंत मासळीला हात लावायची सोय नाही, तर सोबत काय?

निवृत्त सिस्टर, पेडणे

भाऊ, भाताचं नंतर बघू. आधी तो पूल.

तुमच्या गोळीतली ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन बाहेर काढायला लावते. ती पहिल्या खऱ्या खाण्याबरोबर घ्यायची, पहाटे साडेपाचच्या चहाबरोबर नव्हे. ती घेऊन नाश्ता टाळलात तर साखर कोसळणारच. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून कमी असेल तर परत तेवढीच. सावरलात की मग काहीतरी खायचं. बिस्किटात तूप-तेल असतं म्हणून ते हळू चढतं, आणि घाबरून अख्खं पाकीट खाल्लं की पुढे उड्या मारतं. पैशांच्या पट्ट्यात साखरेच्या दोन पुड्या ठेवा आणि ड्रायव्हरलाही सांगून ठेवा कुठे आहेत ते.

हा ६४ चा आकडा डॉक्टरांना सांगितलात का? नसेल तर याच आठवड्यात जा. खाणं कमी करणार असाल तर गोळीचं प्रमाणही त्यांनी बघायला हवं. तुम्ही परस्पर एक बदलायचं आणि दुसरं तसंच ठेवायचं, हे धोक्याचं. आणि पाय. दिवसभर उभं राहण्याचं काम, त्यात पावसाळा, ओल्या चपला. रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या बघा. स्वतःला दिसत नसेल तर बायकोला दाखवा, तिथे लाज नको.

केरी, सत्तरी

आमच्या घरात सासरे आणि नवरा दोघेही गोळ्यांवर, म्हणून चुलीच्या बाजूने सांगते.

तुमच्या ताटात उकडे आहेत हे बरंच आहे. सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा उकड्यांनी साखर जरा सावकाश चढते. पण सावकाश म्हणजे कितीही वाढून घ्यायचं असं नव्हे! माझ्याकडे एक दवली (वाढायचा डाव) आहे. तिनेच वाढते, दोन दवल्या सपाट. मोजून बघितलं तर शिजलेलं शीत साधारण दीडशे ग्रॅम भरतं, म्हणजे अंदाजे पंचेचाळीस ग्रॅम पिष्ट. सासऱ्यांनी पहिले आठ दिवस तोंड वाकडं केलं. मग मी ताट बदललं, छोटं घेतलं. आता कुरकुर नाही.

खरी गंमत वाढण्याच्या क्रमात आहे. आधी भाजी आणि तोणाक (कडधान्याची आमटी) नुसतं खायचं, मासे असतील तर तेही, आणि शीत शेवटी. आपण उलटं करतो, शिताचा डोंगर आधी आणि भाजी नावाला कोपऱ्यात. पावसात तर भाज्यांची चंगळ आहे. तायकिळो (टाकळा), तांबडी भाजी, तवशी (काकड्या), दोडकी. फक्त तायकिळ्यात बिकणां (फणसाच्या आठळ्या) घातलीत तर तीही पिष्टाचीच, तेवढं शीत कमी घ्या. मासळी नाही म्हणून रडू नका. अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ), कुळथाचं सार आहे की. सोमवारी शिवराक (बिनमाशाचं) जेवताना नाहीतरी हेच करतो ना आपण? खारं सुकं मात्र बेतानेच, रक्तदाब असेल तर त्यातलं मीठ भोवतं.

स्टँडवरची पातळ भाजी वाटाण्याची असते, ती खा. दोन पावांचा एक करा आणि घरून एक उकडलेलं अंडं न्या. पिवळ्यासकट. तो कागद कोणी छापला कोण जाणे.

निसर्गप्रेमी

गोळ्यांनी किडनी जाते. रोज पहाटे कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड घ्या. माझ्या मेव्हण्याने तीन महिन्यांत सगळ्या गोळ्या सोडल्या.

निवृत्त सिस्टर, पेडणे

किडनी वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने जाते. कारलं भाजी म्हणून खुशाल खा. पण ६४ वर आलेल्या माणसाला कोणाला न सांगता गोळीवर आणखी रस प्यायला सांगू नका. मेव्हण्यांचा आत्ताचा एचबीएवनसी किती आहे, तो टाका इथे.

वास्को, गोदी

सहा वर्षं झाली मला. माझं एकच सांगणं. दुसऱ्यांचं ऐका, पण विश्वास स्वतःच्या साखर मोजायच्या मशीनवर ठेवा. त्याच्या पट्ट्या महाग पडतात म्हणून रोज उगाच टोचून घेऊ नका. आठवड्यातून दोन दिवस निवडा. पहिल्या घासाआधी एकदा आणि तिथून दोन तासांनी एकदा. दोन्ही आकडे आणि ताटात काय होतं ते वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आज शीत कमी केलं, तर चालायला उद्यापासून जा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. जेवणानंतर १८० च्या आत आणि उपाशीपोटी ८० ते १३० असं साधारण ध्येय असतं, तुमचं डॉक्टर ठरवतील.

मला वहीने पोईबद्दल शहाणं केलं. पाव सोडून पोई धरली होती, वर कोंडा दिसतो म्हणून. दोन पोया खाल्ल्या की आकडा पावासारखाच. आत मैदा किती आणि गहू किती ते पोदेरालाच (पाववाल्यालाच) ठाऊक. आता एकच खातो, तीही अंड्याबरोबर.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. उर्राक असो वा फेणी, रिकाम्या पोटी आणि ही गोळी चालू असताना नको. यकृत दारू निस्तरण्यात गुंततं आणि साखर सोडायचं काम मागे पडतं. मग रात्री झोपेत साखर उतरते आणि शेजारच्याला वाटतं, चढलीय याला.

आणि एकटे पडलात असं समजू नका. आयसीएमआर-इंडियाबची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात मधुमेहात गोवाच पहिला. प्रौढांमध्ये २६.४ टक्के, देशात ११.४. तुमच्या बसमध्ये चाळीस माणसं असतील तर दहाजण त्याच लाईनीत आहेत.

मागचं दार, फोंडा | १८ जुलै

सगळ्यांना देव बरें करूं. उशीर झाला, पण वही घेऊन आलोय. तिकिटांचीच जुनी वही, मागच्या बाजूने लिहिली.

सिस्टर, दुसऱ्याच दिवशी गेलो. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड अर्धी केली. आता ती पणजी स्टँडवर, पहिल्या घासाबरोबर घेतो. साखरेच्या पुड्या पट्ट्यात आहेत. एकदाच लागल्या, ७१ असताना, वाहतुकीत अडकून नाश्त्याला उशीर झाला म्हणून.

आकडे दुपारच्या जेवणानंतर दोन तासांचे. तीन दवल्या शीत, जुन्या पद्धतीने आधी शीत: २३१. दोन दवल्या, तशाच: २०४. दोन दवल्या, पण आधी तांबडी भाजी आणि अळसांदे: १८६. तेच सगळं आणि झोपेऐवजी वाड्यावरून पंधरा मिनिटं चालणं: १६१. हे बघून मी बायकोला हाक मारली, मशीन बिघडलं म्हणून. पुन्हा टोचलं, १६३. एका लग्नात सुरय तांदळाचा भात, वर जिलेबी एक (बरं, दोन): २८०. रविवारी सकाळी वाडगाभर पेज नुसत्या लोणच्याशी: १९२. तीच पेज मुगागाठींबरोबर: १७०.

सगळ्यात अवघड भात नव्हता, चहा होता. बिनसाखरेचा चहा पहिले चार दिवस भांडी विसळलेल्या पाण्यासारखा लागला. स्टँडवरचा चहावाला विसरायचा आणि साखर घालूनच द्यायचा. आता दुरून मला बघितलं की ओरडतो, "फिक्की एक!" अर्ध्या पणजीला कळलंय. चपाती परत आणलेली नाही. ब्रोकोली अजून बघितलेली नाही.

उपाशीपोटी मात्र १४० च्या आसपासच अडकलंय, खाली येत नाही. रात्रीचं जेवण साडेनऊचं आठवर आणता येत नाही, शेवटची फेरीच तेव्हा सुटते. डॉक्टर म्हणाले, एचबीएवनसी ऑगस्टच्या शेवटी करू, तीन महिन्यांचा हिशेब त्यात येतो. पायाची खरचट सुकली. बायको रोज रात्री बॅटरी घेऊन तळवे तपासते, आई बाजूला बसून हसते.

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ येतेय. आई आत्तापासून विचारतेय, नेवऱ्या (करंज्या) किती करायच्या? बायको म्हणाली, तुला एक. मी म्हटलं, दीड. तह अजून झालेला नाही. दोन पट्ट्या चवथीसाठी बाजूला काढून ठेवल्यात, एक नेवरीची आणि एक पातोळीची. आकडे टाकतो.