माईक हातात, विषय दुसऱ्याचा : तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात धुळ्यात एका सत्काराला गेले होते. एका नामवंत वकीलसाहेबांनी भाषणात सांगितलं, "लस दिल्यावर बाळाला ताप आला तर पुढचा डोस टाळा." असा ताप बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो, त्यासाठी डोस चुकवायचा नसतो. मी बालरोगतज्ज्ञ. समोर बसून गप्प राहिले, ते अजून खुपतंय. असं कुठे पाहिलंत? नावं नकोत.

चोपडा, केळी उत्पादक
गावच्या कार्यक्रमाला हृदयरोगतज्ज्ञ आले होते. माणूस देवासारखा, माझ्या वडिलांचा जीव त्यांनीच वाचवला. त्या साली केळीवर सीएमव्ही, म्हणजे काकडीवरही येणारा मोझॅक विषाणूचा रोग, होता. डॉक्टर माईकवर म्हणाले, "रोपं उपटू नका, टॉनिक द्या, प्रतिकारशक्ती वाढली की सावरतील." कृषी सहायक आठवडाभर घसा कोरडा करत होता, की या रोगाला औषध नाही, रोगट रोप मुळासकट काढून नष्ट करा, रोग पसरवणारी मावा कीड आवरा, काकडी-भोपळ्याचे वेल जवळ ठेवू नका. काका म्हणे, "डॉक्टर सांगस, मंग खरंच शे." तीन आठवडे रोपं राखली. आठ-दहा रोपांवरचा रोग निम्म्या वावरात गेला. डॉक्टरांना हे कुणीच सांगितलं नाही. मीही नाही. वडिलांना वाचवणाऱ्याला कोणत्या तोंडानं सांगू?

शहादा, लॅब टेक्निशियन
आश्रमशाळेत पाहुणे म्हणून आलेल्या इंजिनिअरांनी सिकलसेलवर उपाय सांगितला : बीट, गूळ, लोहाच्या गोळ्या. हा आजार जन्मजात आहे, लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. वारंवार रक्त चढवलेल्या पोरांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. दोन वाहकांचं, म्हणजे अंगात दोष असून स्वतः आजारी नसलेल्यांचं, लग्न झालं तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे तिथे सांगायला हवं होतं. एका आईनं पोराचं हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे दुखण्याचे झटके कमी करणारं रोजचं औषध, बंद केलं. दुखणं उठल्यावर रात्री दवाखाना गाठला.

यावल, भूगोलाचा शिक्षक
माझीच चूक लिहितो. ग्रामसभेत पाझर तलावाची जागा मी दाखवली. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूत पाणी झपाट्यानं मुरतं, एवढं पुस्तकातलं माहीत होतं. जागा मात्र खाली तापीकडची निघाली. भूजलवाल्यांनी खोदून दाखवलं, आत चिकणमातीचा जाड थर, पाणी मुरणार कुठून? पुढच्या ग्रामसभेत उभा राहून म्हणालो, "हा माझा विषय नव्हता." कुणी हसलं नाही.

धागाकर्ती
सर, वकीलसाहेबांचा नंबर मिळवलाय. उद्या सकाळी ओपीडीआधी फोन करते.