माठ भाजायला आवा की विजेची भट्टी?

चाकवाला: विजेची भट्टी कपबश्यांना ठीक, माठाला नाही. आव्यात, म्हणजे गोवऱ्या-पेंढा रचून पेटवलेल्या उघड्या ढिगात, माठ साधारण ७०० ते ८५० अंशांवर भाजतो. अंगात बारीक छिद्रं राहतात, पाणी झिरपून वाऱ्यावर उडतं, आतलं गार राहतं. तोच माठ हजारापुढे नेला की माती आवळते. वाजवला तर खणखणीत, पाणी मात्र कोमट.

पारा८००: मग हजारावर नेता कशाला? भट्टीच्या कंट्रोलरवर ८०० लावा, अर्धा तास तिथंच धरा. आव्यात मध्ये ८५० असताना कडेचं मडकं कधीकधी ५००लाही पोचत नाही. पाणी भरलं की त्याचं बुड मऊ पडून सुटतं.

चाकवाला: ती रचणीची चूक. खाली गोवऱ्यांचा थर, त्यावर माठ पालथे, फटींत गोवऱ्यांचे तुकडे, वर पेंढा, खापऱ्या आणि ओल्या मातीचा लेप. उष्णता कडेनं निसटते, म्हणून इंधन कडेला जास्त लागतं. नवखे नेमकं मध्ये कोंबतात.

पारा८००: आणि वेग? आत ओल असेल तर शंभर अंशांपुढे वाफ अंग फोडते. भट्टी शंभराच्या खालीच दोन तास रोखता येते. ५७३ला मातीतली गारगोटी एकदम फुगते, तिथं ताशी ६०नं चढवता येते. उतरतानाही ती तिथंच आकसते. घाईनं उघडलेल्या आव्यात चिरा पडतात त्या यामुळंच.

चाकवाला: म्हणून तर मातीत लीद आणि रेती घालतात. लीद जळून वाफेला वाट होते, रेतीमुळं चीर पुढं धावत नाही. तुमची पाकीटबंद गुळगुळीत माती आव्यात टाकली तर फुटणारच. शिवाय हिशेब करा: १०० लिटरच्या भट्टीत वीस लिटरचा माठ एक बसतो, फार तर दोन. थ्री फेज नसेल तर बहुधा तेही नाही.

खापरखुंटी: दोघंही चुनखडी विसरलात. आठशेच्या पुढे खड्याचा कळीचा चुना होतो, मग हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चार-आठ दिवसांनी टवका उडतो. आवा असो की भट्टी, माती पातळ कालवून बारीक चाळणीतून गाळाच. काळी भांडी हवीत तर विजेचा नाद सोडा. ती भुशाच्या कोंडलेल्या धुरानं काळी होतात, आणि तो धूर भट्टीच्या तापणाऱ्या तारांवरचा संरक्षक थर खातो.

पारा८००: काळ्या भांड्यांचं मान्य. पण धारावीच्या कुंभारवाड्यासारख्या दाट वस्तीत चिंध्या जाळून होणारा धूर कोणाच्या छातीत जातो? तिथं गॅसची भट्टी घ्या, मोठी मिळते आणि थ्री फेजही लागत नाही.

चाकवाला: शहरात गॅस, चालेल. पण ८००वर थांबवायची.