आबांना भरवणं लेकीकडून शिकतोय, पण तिला किती करू द्यावं?

केळीवाला (रावेर)
वडिलांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं. बायको शाळेवर जाते, आई थकलेली, त्यामुळे दुपारचं भरवणं-पुसणं माझ्याकडे. माझ्या हातून आबा दोन घासांनंतर तोंड फिरवतात आणि साडेतीन वर्षांच्या नातीकडून वाटी संपवतात! म्हणून नीट बघत बसलो. ती पाटावर बसते, आबांच्या तोंडासमोर तोंड. आधी स्वतः 'आऽऽ' करते. घास दिला की त्यांच्या गळ्याकडे बघत थांबते, "गुटुक झालं?" विचारते, मगच पुढचा चमचा. घाई म्हणून नाही. हनुवटी पुसण्याआधी "पुसू?" म्हणते. आबा मान हलवतात तेव्हाच पुसते. आपण मोठी माणसं विचारतो का कधी? आता अंग पुसतानाही मी आधी विचारतो, तर आबा हात आखडून घेत नाहीत.

प्रश्न दोन आहेत. नातेवाईक म्हणतात, पोरीला आजाऱ्याजवळ बसवू नको. आणि माझी बहीण दर वाटीला तिला चॉकलेट देते, ते बरोबर आहे का?

सिस्टर (जळगाव)
बसू द्या दादा, फक्त चमचा तुमच्या नजरेखाली. लकव्यात गिळणं बिघडतं, घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, अर्धाच चमचा. उजव्या गालात घास साठून राहतो, तो शेवटी बघायचा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. ठसका लागला किंवा आवाज ओला, घरघरता झाला तर भरवणं थांबवा, डॉक्टरांना सांगा. ती गळ्याकडे बघून थांबते ना, आम्ही वॉर्डात नातेवाइकांना हेच सांगून दमतो.

तापीकाठचा मास्तर
चॉकलेट बंद करा. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये 18 महिन्यांच्या मुलांसमोर कपड्यांचा चिमटा हातून पडल्यासारखं केलं. बरीच मुलं न सांगता उचलून द्यायला गेली. मुद्दाम फेकला तेव्हा मात्र क्वचितच. 2008 मध्ये त्यांनीच 20 महिन्यांच्या मुलांवर पाहिलं, की मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं पुढे कमी मदत करतात.

शिरपूरनी माय
भाऊ, तुनी पोर हुशार शे. ती करस ते बेस शे, पण तिले खेळू बी द्या. आपल्याकडे पोरीच्या हातात वाटी लवकर येते आणि मग सुटत नाही. पोरगा असता तर बहिणीने चॉकलेट दिलं असतं का, की "जा, अंगणात खेळ" म्हटलं असतं? तिचा कंटाळा दिसला की चमचा तुम्ही घ्या.

केळीवाला (रावेर)
माय, पटलं. काल मांजर दिसलं तशी चमचा टाकून पळालीच ती, उरलेलं मी भरवलं. बहिणीला चॉकलेटचं सांगितलंय, ती रुसलीये. सिस्टर, पाणी प्यायलं की ठसका जास्त लागतो. कुस्करलेलं केळं मात्र नीट जातं. असं का?

सिस्टर (जळगाव)
पातळ पदार्थ घशात पटकन उतरतो, तेवढ्यात श्वासनलिका झाकली जात नाही. पाणी दाट करायची पावडर मिळते, पण मनाने सुरू करू नका. किती दाट हवं ते गिळण्याची तपासणी करून स्पीच थेरपिस्ट (बोलण्या-गिळण्याचे तज्ज्ञ) ठरवतात. ही तपासणी या आठवड्यातच करून घ्या. आणि दर दोन तासांनी कूस बदलताय ना?