क्लास डायग्राम म्हणजे आतली रचना नव्हे

रेघोट्या
सॉफ्टवेअरची आतली रचना दाखवा म्हटलं की लोक क्लास डायग्राम (क्लास, म्हणजे कोडमधले साचे, आणि त्यांच्यातले संबंध दाखवणारं चित्र) पुढे करतात. समजा 'रांग' (मेसेज थांबतात ती) आणि 'वर्कर' (ते उचलून काम करणारा) असे दोन क्लास आहेत, मध्ये एक रेघ. प्रत्यक्षात ऑर्डरची रांग वेगळी, परताव्याची वेगळी. पहिलीला ४ वर्कर, दुसरीला १. त्या एका रेघेत हे सगळं गडप होतं. २००५ च्या यूएमएल २.० मध्ये (यूएमएल म्हणजे सॉफ्टवेअरची चित्रं काढायची प्रमाण पद्धत) कॉम्पोझिट स्ट्रक्चर डायग्राम आला तो यासाठीच. बाहेरची मोठी चौकट म्हणजे क्लास, आतल्या चौकटी म्हणजे पार्ट ('ऑर्डररांग : रांग', 'ऑर्डरवर्कर : वर्कर [४]'), कडेवरचा छोटा चौकोन म्हणजे पोर्ट (बाहेरशी जोडायची जागा), आणि जोडरेघा म्हणजे कनेक्टर. काढायचाच तर हा काढा.

कंपायलरकाका
ही जोडणी कोडमध्ये आहेच की! स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा कॉन्फिगरेशन क्लास उघडा, कोणती बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) कुणाला दिली ते दिसतं. उद्या कुणी पाचवा वर्कर लावला की तुमचं चित्र खोटं, आणि चित्र खोटं ठरलं म्हणून बिल्ड तुटत नाही. त्यापेक्षा आर्कयुनिटमध्ये (रचनेचे नियम तपासणारी जावा लायब्ररी) चाचणी लिहा: डोमेन पॅकेजने वेब पॅकेजला हात लावायचा नाही. नियम मोडला की सीआय (कोडवर आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रणा) लाल.

रेघोट्या
पाचव्या वर्करचं मान्य. [४] लिहायला नको होतं, [१..*] (एक किंवा जास्त) पुरे, कॉन्फिगरेशनने बदलणारा आकडा चित्रात कशाला? पण आर्कयुनिट बाइटकोडमधली (कंपाइल झालेल्या कोडमधली) अवलंबित्वं तपासतं, म्हणजे पुन्हा क्लासचीच पातळी. क्वालिफायरमध्ये (कोणती बीन हवी ते नावाने सांगणारी खूण) चुकून परताव्याच्या रांगेचं नाव पडलं, तर त्या नावाची बीन आहे, टाइपही जुळतो. अॅप्लिकेशन सुरळीत चालू होतं आणि ऑर्डरचा वर्कर परताव्याचे मेसेज उचलू लागतो. आर्कयुनिट हिरवंच.

चौकटराजा
दोघांनीही टूलचा विचार केलेला दिसत नाही. प्लँटयूएमएलमध्ये (मजकुरातून चित्र बनवणारं टूल) कॉम्पोझिट स्ट्रक्चर हा वेगळा प्रकारच नाही. कॉम्पोनंट डायग्राममध्ये 'पोर्टइन', 'पोर्टआउट' लिहून भागवावं लागतं. चौकटी वाढल्या की ग्राफव्हिझ (प्लँटयूएमएलसाठी मांडणी करणारा प्रोग्रॅम) त्या मन मानेल तशा मांडतो. मी सी-फोरच्या (रचना चार पातळ्यांत दाखवायची पद्धत) पहिल्या दोन पातळ्यांवर थांबेन: कॉन्टेक्स्ट (सिस्टीम आणि तिच्याभोवतीचं जग) आणि कंटेनर (तिच्यातली स्वतंत्र चालणारी अॅप्स, डेटाबेस). (इथला कंटेनर म्हणजे डॉकरचा नव्हे, डेटाबेसही कंटेनरच. हा घोळ दर वेळी होतो.) चौथी, कोडची पातळी हाताने काढूच नये. हवी तेव्हा आयडीईतून (कोड लिहायच्या टूलमधून) काढून घ्यावी.

कंपायलरकाका
आणि रेघोट्या, क्वालिफायरची भीती असेल तर 'ऑर्डररांग' आणि 'परतावारांग' असे दोन टाइपच करा. चुकीची रांग दिली की कंपायलर अडवेल.

रेघोट्या
करता येईल, आणि मग क्लास डायग्रामही खरं बोलू लागेल. पण 'रांग' लायब्ररीतली असेल तर प्रत्येक रांगेला वेष्टन-क्लास लिहावा लागतो. २ रांगांना चालेल. १२ असल्या तर मी पोर्ट काढत बसेन.

कंपायलरकाका
१२ वेष्टनं मी लिहीन. ती कंपाइल तरी होतात.