सासरे लॅब्रॅडॉरला खाऊ घालणं थांबवत नाहीत, काय करू?

सई_डोंबिवली:
आमचा सिंबा, लॅब्रॅडॉर, सहा वर्षांचा. परवा दवाखान्यात वजन केलं तर ४३ किलो! डॉक्टर म्हणाल्या, याच्या अंगकाठीला ३० पुष्कळ झालं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर पोचला की हा फतकल मारतो आणि धापा टाकत बसून राहतो. शेजारचे ओलांडून जातात.

कारण घरातच आहे. सासरे. सकाळी चहाबरोबर पार्ले-जी, स्वतःला दोन आणि त्याला चार. दुपारी तूप लावलेल्या पोळ्या, सायीचं पातेलं चाटायला, संध्याकाळी कट्ट्यावरचे बाकीचे आजोबा खारी घेऊन तयारच. आणि या सगळ्यावर मी त्याचं ड्राय फूड वाटीने मोजून घालते, म्हणजे विनोदच. काही बोललं की "मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढू नये गं" एवढंच म्हणतात. सासूबाई गेल्यापासून ते दोघं एकमेकांना धरून आहेत, त्यामुळे मला भांडायचंही नाहीये. नवरा म्हणतो, तूच सांग, माझं ऐकत नाहीत. कुणाकडे काही युक्ती आहे का?

कट्टेकरी:
अहो, खाऊ दे की! कुत्र्याचं आयुष्य ते केवढं. गावाकडची कुत्री भाकरतुकड्यावर जगली, कुणी कॅलऱ्या मोजत बसलं नव्हतं.

पशुवैद्य_तासगाव:
कट्टेकरी, गावाकडचं कुत्रं दिवसभर शिवार तुडवतं आणि भाकरी मिळाली तर मिळाली. सिंबा फक्त जिना चढतो, तोही अर्धा.

सईताई, माझी नोकरी म्हशी तपासण्यात गेली, निवृत्तीनंतर कुत्री-मांजरं बघतो. म्हैस जरा सुटली की मालक काळजीने विचारतो, डॉक्टर, गाभण राहील ना? कुत्रं सुटलं की तोच माणूस कौतुकाने सांगतो, कसा गुटगुटीत झालाय बघा.

सासऱ्यांना वजनाचा आकडा सांगू नका, त्यांचा हातच धरून दाखवा. हात उताणा ठेवून तळव्यावरून, बोटांच्या मुळाशी, दुसऱ्या हाताचं बोट फिरवायचं. हाडं लागतात, पण दाबल्यावर. आता हात पालथा करून मागच्या बाजूने फिरवा, हाडं सहज लागतात. कुत्र्याच्या बरगड्या या पालथ्या हातासारख्या लागायला हव्यात. सिंबाच्या बरगड्या तळव्यासारख्या तरी लागतात का, ते त्यांनाच चाचपू दे.

थायरॉइडची रक्ततपासणी तेवढी करून घ्या. कधी कधी दोष खाण्याचा नसतो. तुमच्याकडे मात्र खारी रंगेहाथ सापडली आहे.

त्यात लॅब्रॅडॉर म्हणजे जन्माचा भुकेला. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात खोट असते, आणि त्यामुळे भूक आवरण्याचा निरोप नीट जात नाही. म्हणून त्याच्या डोळ्यांकडे बघून वाढायचं नाही. पोट भरलं तरी तो तसाच बघणार.

हिशेब असा. ३० किलोवर आणायचा असेल तर दिवसाला साधारण ९०० कॅलरी. तूप लावलेल्या दोन पोळ्या आणि चार बिस्किटांतच साडेतीनशेच्या आसपास जातात. साय आणि खारी अजून धरलीच नाही. नेमकं माप तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्के उतरलं तर उत्तम, त्याहून घाई नको.

आयुष्य केवढं म्हणता, तर तेही मोजलेलं आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर पाहिले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला. कमी खाणारे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. अभ्यास २००२ साली छापून आला.

आता युक्ती. सासऱ्यांचा देणारा हात अडवू नका, त्या हातात काय आहे ते बदला. सिंबाचं दिवसभराचं ड्राय फूड सकाळी मोजून एका डब्यात भरा आणि डबा सासऱ्यांच्या ताब्यात द्या. चहाबरोबर त्यातलेच चार दाणे, कट्ट्यावरही त्यातलेच. डबा संपला की दिवस संपला. शिवाय काकडी, गाजर, उकडलेली फरसबी, बिनमिठाची. लॅबला करकर वाजलं की बास. तुम्ही वेगळं वाढायचं बंद करा, सगळं त्यांच्याच हातून जाऊ दे. माझ्याकडच्या बऱ्याच आजोबांनी स्वतःच कट्ट्यावर दम भरलाय, "आमच्या कुत्र्याला काही घालायचं नाही हां!"

चालणं हळूहळू वाढवा. एवढ्या वजनावर पळवलंत तर गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट) तुटायचा. जिनाही गरजेपुरताच.

मनीमाऊ_पुणे:
डॉक्टर, आमचा बोकाही गोल झालाय. दोन दिवस उपास घडवू का?

पशुवैद्य_तासगाव:
अजिबात नको! जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि जिवावर बेतते. मांजराचं खाणं अगदी सावकाश कमी करायचं, डॉक्टरांना विचारून. आणि मांजराने आपणहून खाणं टाकलं तरी वाट बघत बसू नका.

सई_डोंबिवली:
डब्याचं पटलं. उद्या त्यांच्या औषधांच्या डब्याशेजारीच ठेवते, म्हणजे दोन्ही विसरणार नाहीत. पण गुरुवारी दत्ताच्या देवळातून पेढा येतो आणि पौर्णिमेला सत्यनारायणाचा शिरा. प्रसादाला नाही म्हणायची माझी टाप नाही.

पशुवैद्य_तासगाव:
पेढा नखाएवढा मोडून द्या. प्रसाद कणभर घेतला तरी पोचतो, हे सासऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. शिऱ्याचं मात्र कडक पाळा. त्यात बेदाणे असतात, आणि हे मी बेदाण्याच्या गावात बसून सांगतोय. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखाद्याला थोडक्यातही बाधतं, आणि कुणाला बाधेल हे आधी कळत नाही. चुकून खाल्लाच तर उलटी होते का बघत थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. सत्यनारायणाच्या दिवशी बेदाणे घालायच्या आधी त्याच्या वाटणीचा चमचाभर शिरा बाजूला काढून ठेवा.